तात्यांच्या मोटारीचा विमा

पूर्ण वाचून घेतल्याशिवाय तात्या कुठल्याच कागदावर सही करत नसत. स्वतःला सहीपुरतीच अक्षरं येत होती. म्हणून ते डोळे मिटून बसत आणि समोरच्याला पहिल्या ओळीपासून वाचायला लावत. मध्येच कुणी बोललं, की पुन्हा पहिल्यापासून.

जालन्यात सगळे त्यांना मोटारवाले तात्या म्हणत. वीस वर्षं ते एका जहागीरदाराकडे ड्रायव्हर होते. निजामी गेली तसे मालकही गाव सोडून गेले आणि थकलेल्या पगाराच्या बदल्यात जुनी मोटार तात्यांना देऊन गेले. ती मोटार तात्या लग्नांना भाड्यानं नेत. मी नव्या जालन्यात विमा एजंट होतो. दरवर्षी मोटारीचा विमा नवा करायला मीच त्यांच्याकडे जायचो.

आणि दरवर्षी हप्ता चढलेला असायचा.

"यंदा काय झालं?" तात्या थकल्या आवाजात विचारत. कंपनीच्या पत्रात असेल ते मी सांगे. रस्ते खराब, अपघात वाढले, गाडी जुनी.

"गाडीची किंमत उतरून राह्यली, मंग विमा कसा चढतो भाऊ?"

मी पत्राची घडी घालून खिशात ठेवायचो. मग ते उठून आत जात आणि पैसे घेऊन येत. एका वर्षी काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या हातात पाटल्या नव्हत्या.

त्याच्या पुढच्या वर्षी मी नको ते केलं. घरच्या वापराच्या गाडीला हप्ता बराच कमी असे. इंग्रजी फॉर्मवर मी 'खासगी' लिहिलं आणि तात्यांना वाचून दाखवताना 'भाड्याची' असं वाचलं.

"यंदा उतरला की!" तात्या कधी नव्हे ते हसले. मलाही बरं वाटलं.

वैशाखात शहागडहून नवरा-नवरीला आणताना मोटार इन्स्पेक्टरनं गाडी थांबवली. त्यानं पॉलिसी वाचली, तात्यांना समजावून सांगितली आणि दंड करून सोडून दिलं. संध्याकाळी तात्या माझ्या ओसरीवर आले. बसले नाहीत.

"तुम्ही तर भाड्याची म्हनून वाचलं होतं."

"तात्या, तुमचा खर्च वाचावा म्हणून..."

"वाचला. पन गाडीत नवरी बसल्ती. काही झालं असतं तर तिच्या बापासमोर मी कोन्ता कागद धरला असता?"



भाड्याच्या गाडीचा विमा करण्याइतके पैसे त्यांच्याजवळ उरले नव्हते. पण चार लग्नांना शब्द दिलेला होता. ती चारही लग्नं तात्यांनी स्वतःच्या पेट्रोलवर पार पाडली, एक पैसा भाडं न घेता. कागदावर गाडी भाड्याची नाही, तर भाडं कसं घ्यायचं, म्हणाले. मग मोटार विकली आणि काकूंना घेऊन परभणीला लेकीकडे निघाले.

मी स्टेशनवर गेलो. "तात्या, माझं चुकलं," एवढंच कसंबसं बोललो.

"तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलं, मला काय ठाऊक न्हाई?" ते म्हणाले. "म्हनून तर तुमच्याशी भांडताबी येईना."

गाडी सुटली. पुढं कितीतरी वर्षं मी विम्याचंच काम केलं. हप्त्यावरून किती लोक माझ्या अंगावर धावून आले, किती जणांनी शिव्या घातल्या. त्यातला एकही चेहरा आता आठवत नाही. तात्या तेवढे डोळ्यांपुढून जात नाहीत.