वात ओली होती

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. इथे लोक लिहितात ते पिंपळावरचे, घाटातले किस्से मी घरी मोठ्याने वाचून दाखवतो आणि हसतो. बायको म्हणते, "एक दिवस तुमच्यावर वेळ येईल, मग कळेल." वेळ येऊन गेली, तिला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं होत आली... आणि गंमत अशी की माझा आयुष्यभराचा धंदाच धुक्याचा. धुकं कधी धरतं, किती टिकतं, कशाने विरतं, याचाच पगार खाल्ला. हे वाचून जुने सहकारी जे म्हणायचं ते म्हणोत, आता मी रिटायर आहे.

देवणीजवळचं एक गाव, चार कोसांवर कर्नाटकाची हद्द. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. छापील फॉर्म अजून जुनेच यायचे, त्यावरचं 'उस्मानाबाद' खोडून आम्ही पेनने 'लातूर' लिहायचो. जिल्हा मिळाला, पाऊस मात्र मिळाला नाही. दुष्काळच होता. विहिरींचा तळ उघडा पडलेला, टँकर येईल तेव्हा खरा. मी हायस्कूलवर विज्ञान शिकवायचो, आणि रोज सकाळी साडेआठला शाळेमागच्या मैदानात हवामानाच्या नोंदी घ्यायचो. दर महिन्याला त्यांची कार्बन कॉपी हवामान खात्याच्या वरच्या ऑफिसला पाठवायची.

काम साधं. झडपांच्या पांढऱ्या पेटीत दोन थर्मामीटर. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमल गुंडाळलेली, तिची वात खाली पाण्याच्या बाटलीत. हवा कोरडी असली की ओल्याचा पारा बराच खाली उतरतो. दोन्ही सारखे दाखवायला लागले तर हवेत ओलावा मावत नाही एवढा आहे, म्हणजे धुकं... किंवा मग बाटलीतलं पाणी संपलंय आणि वात वाळलीय. दुष्काळात दुसरंच खरं असतं. त्यानंतर किती लांबचं दिसतं ते बघायचं. त्यासाठी खुणा ठरलेल्या: पन्नास मीटरवर चुना लावलेला दगड, दोनशेवर विजेचा खांब, अर्ध्या किलोमीटरवर चिंच, एक किलोमीटरवर मठाचा कळस. यादीतली चिंच माझ्या आधीच खोडलेली होती. बहात्तरच्या दुष्काळात ती तोडली, मी फक्त बुंधा बघितलेला.

माझ्या आधी या नोंदी अप्पा घ्यायचे. लिंगायत, गावात किराणा दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं निम्मं कानडी. बहात्तरच्या हिवाळ्यात त्यांनी एका सकाळी 'धुकं' लिहिलं. वरून पत्र आलं — दोन्ही थर्मामीटरची नोंद समान, वात कोरडी असावी, नोंद विश्वासार्ह नाही. काम काढून घेतलं. ते पत्र अप्पा बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे, घडीवर फाटलेलं. मी आलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, उजेड-अंधार तेवढा कळायचा. तरी रोज सकाळी काठी टेकत मैदानात यायचे, पेटीजवळच्या दगडावर बसायचे आणि मला शिकवायचे.

"मास्तर, आपुन तहानलेलं राहिलं तर चालतंय. वातीला तहान लागू द्यायची न्हाई."

"अप्पा, पण तुमची त्या दिवशी वाळलीच असणार. जमिनीत ओल नाही तर धुकं कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"वात ओली होती," एवढंच म्हणायचे. रागवायचे नाहीत. मी तरुण होतो, बीएस्सी झालेलो, मला वाटायचं म्हातारा हट्टी आहे. आता लाज वाटते.

तर जानेवारीतली ती सकाळ. घरून निघालो तेव्हा स्वच्छ ऊन होतं. शाळेला वळसा घालून मैदानाच्या कुंपणाशी आलो... आणि समोर सगळं पांढरं. तारांवरून पाणी ठिबकत होतं. कोणाची तरी देवणी गाय बाहेरून मान घालून तार चाटत होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. आत अप्पा त्यांच्या दगडावर बसलेले.

"मास्तर, आलं का?"

"काय?"

"मला काय इचारता? तोंड ओलं होऊन राहिलंय माझं."

मी पेटी उघडली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली, आदल्या संध्याकाळी मीच भरली होती. वातीच्या कडेला थेंब लोंबत होता. कोरडा अकरा पूर्णांक चार, ओला अकरा पूर्णांक चार. दार लावलं, पाच मिनिटं थांबलो, परत बघितलं. तेच. पन्नास मीटरवरचा दगड दिसत नव्हता.

"वात बघितली?" अप्पांनी विचारलं.

वातीला बोट लावायचं नसतं. बोटाचं तेल लागतं, पुढच्या नोंदी बिघडतात. हे मला अप्पांनीच शिकवलेलं. पण मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि त्यांची बोटं वातीवर टेकवली. डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या, माझ्याही आलं.

मग म्हणाले, "चिंच दिसते का?"

कुठली चिंच, असं म्हणायला मी वळलो. आणि चिंच होती. अर्ध्या किलोमीटरवर, पूर्ण झाड, चिंचांचे आकडे लोंबताना दिसत होते. मधला दगड नाही, खांब नाही, त्यांच्या जागी नुसतं पांढरं. आणि त्या पांढऱ्यापलीकडे चिंच लख्ख.

"हाव," मी म्हणालो.

"डावीकडं वाकलेली?"

"हाव, अप्पा."

"मग लिवा."

पंधरा मिनिटांत सगळं विरलं. तिकडे बुंधाच उरला. कुंपणाबाहेर आलो तर पायाखाली फुफाटा, एक थेंब नाही. शाळेला लागून हेडमास्तरांचं घर. त्यांना विचारलं तर म्हणाले, "धुकं? रात्री झोप झाली न्हाई का?" सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरलाही वाटेत काही लागलं नव्हतं.

आता खरं सांगायची वेळ आली. मी वरच्या ऑफिसात कायम नोकरीसाठी अर्ज केला होता, पुढच्या महिन्यात मुलाखत होती. धुकं लिहिलं असतं तर अप्पांना आलं तसलंच पत्र मला आलं असतं. मैदानात परतलो, वही उघडली आणि ओल्याच्या रकान्यात अंदाजाने सहा घातले. कळसापर्यंत स्वच्छ. धुकं नाही.

"काय लिवलं?" अप्पांनी विचारलं.

"धुकं लिहिलं, अप्पा. पन्नास मीटरच्या आत."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. वहीत जे नव्हतं ते वाचलं, आकड्यांसकट. अप्पांनी खिशातलं पत्र काढलं, चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. "आता ह्याचं काय काम," म्हणाले. त्या दिवशी काठी न टेकता घरी गेले, हे मी डोळ्यांनी बघितलं. उन्हाळ्यात वारले. सून सांगत होती, शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, मास्तरांनी माझी नोंद खरी केली म्हणून. मला तिच्याकडे बघवेना.

नोकरी लागली. गाव सोडायच्या आधी शाळेच्या कपाटातून बहात्तरची वही काढली. अप्पांची ती नोंद सापडली. कोरडा अकरा पूर्णांक चार. ओला अकरा पूर्णांक चार. दृश्यता पन्नास मीटरच्या आत. आणि शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने, दोन शब्द: चिंच दिसते. ती वही परत कपाटात ठेवायलाही बराच वेळ लागला.

पुढे ऑफिसात माझ्याकडे कामच ते आलं, गावोगावच्या नोंदी तपासायच्या. कोरड्या वर्षातलं धुकं दिसलं की मीच शेरा मारायचो, वात कोरडी असावी. किती मारले ते आठवत नाही. मराठवाड्यातल्या धुक्याचा तक्ताही मीच केला, त्यात आमच्या गावापुढे त्या वर्षी शून्य आहे. लोक तो तक्ता अजून वापरतात.

मैदानापुरतं धुकं कसं धरलं, यावर मी बरंच डोकं खपवलं. थंड हवा साचली असेल, जमिनीखाली कुठे ओल असेल... जमत नाही. आणि जमवलं तरी चिंचेचं काय करू? माझी त्या वर्षीची वही आता कुठे असेल माहीत नाही, त्यामुळे राहिलेली नोंद इथेच करतो. अप्पा, आज जे लिहिलंय तेच वाचतोय.

कोरडा अकरा पूर्णांक चार. ओला अकरा पूर्णांक चार. दृश्यता पन्नास मीटरच्या आत. धुकं. शेरा: चिंच दिसते, डावीकडं वाकलेली. वात ओली होती.