फळ्यावरच्या टिका

सूनबाई मोबाईलवर स्टेटस टाकते आणि कोणी कोणी बघितलं ते पाहत बसते. मला हसू येतं. असले किस्से माझ्याकडे कधीचे साठलेत, आणि तेही मोबाईल नसताना!

नव्वदच्या आसपास आम्ही जळगावात, मेहरूणला राहायचो. गल्लीतल्या दत्तमंदिराबाहेर एक काळा फळा होता. पहाटे आंघोळ करून मी त्यावर सुविचार आणि उपासतापास लिहायची. चार लोकांनी वाचलं की दिवस गोड जायचा.

*

एकदा लिहिलं, ‘मौन हे सर्वश्रेष्ठ व्रत.’

दुपारी खाली कोणीतरी खरडलं, ‘हे आमच्या सौ.ना सांगा!’

संध्याकाळी त्याखाली दुसरं अक्षर, ‘सौ.नी वाचलं. उद्या डबा मिळणार नाही.’

गल्ली खो खो हसली. मंदिराचे विश्वस्त आबा मात्र तापले. “वहिनी, हा देवाचा फळा आहे, पानाची टपरी नाही! पुन्हा कोणी खाली खरडलं, तर फळाच उतरवीन.”

माझा जीव खाली-वर. दत्तगुरूंना नारळ बोलले.

*

धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे नाना आमचे शेजारी. वाचून झालं की ते ओळीपुढे खडूनं टिक करायचे. बघता बघता सगळेच करू लागले. आमचे हे रोज विचारायचे, “काय, आज किती टिका?”

एकदा नानांनी निधनाच्या सूचनेपुढेही भलीमोठी टिक मारली!

“नाना, अहो, तिथे कशाला?”

“ताई, वाचं म्हनीसन टिक करी मी!”

*

मग आबांच्या पत्नी अक्का आजारी पडल्या. धुळ्याच्या दवाखान्यात मोठं ऑपरेशन ठरलं. मी फळ्यावर लिहिलं, ‘अक्कांसाठी माझा गुरुवार.’

दुपारी खाली ओळी वाढल्या. कोणाचा सोमवार, कोणाचा मंगळवार. बुधवार, शुक्रवारही गेले. जन्मात उपास न केलेल्या नानांनी शनिवार आपल्या नावावर घेतला, ‘शनवार मना. चहा चाली ना?’

त्याखाली, ‘चालेल. भजी नाही!’

रविवार तेवढा रिकामा. रविवारी घरोघरी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. ती कोण सोडणार?

दत्तकृपेनं अक्का पुढे सुखरूप घरी आल्या, अजून आठवण निघाली की हात जोडले जातात. पण हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं.

आबा कपडे न्यायला धुळ्याहून आले. फळ्यावर खाली सगळं खरडलेलं! ते आत गेले आणि ओलं फडकं घेऊन बाहेर आले. आम्ही बायका ओट्यावरून बघत होतो.

आबांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. फडकं खांद्यावर टाकलं. खडू उचलला आणि एकेका ओळीपुढे टिक करत गेले. नानांच्या चहापुढेसुद्धा.

मग सगळ्यात खाली लिहिलं, ‘रविवार माझा.’