जांभळी कडी

दुपारचे अडीच वाजलेत. सुवार्ताबाई पारखे कागदाची साखळी मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या आहेत आणि त्यांचे डोळे मिटत चाललेत. झोपायचं नाही, असं त्यांनी सकाळपासून तीनदा ठरवलंय. चारला त्यांची मुलगी करुणा पुण्याहून तान्ह्या लेकीला घेऊन येणार, पाचला माणसं जमणार, आणि हुलग्याचे शेंगोळे अजून वळायचेत. पण वर्षभर डोळ्याला डोळा लागला नाही की झोप नेमकी असलीच वेळ साधते.

आज घरी उपकारस्तुती आहे. घरात काही चांगलं घडलं की पाळक साहेबांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवायचं, गाणी म्हणायची, देवाचे आभार मानायचे आणि आल्यागेल्याला पोटभर जेवू घालायचं. करुणाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, म्हणजे ठेवायलाच हवी. आणि पारख्यांकडची उपकारस्तुती म्हटली की घर हाताने सजवलेलं हवं, हा शांतवन सरांचा हट्ट. सर म्हणजे सुवार्ताबाईंचा नवरा. त्यांनी राहुरीच्या शाळेत तीस वर्षं हस्तकला शिकवली. विकतची पताका त्यांच्या डोळ्यांना खपायची नाही. दाराला बाजरीच्या कणसांचं तोरण आणि भिंतीला घोटीव कागदाची साखळी. ती साखळी करायची पद्धतही त्यांचीच. प्रत्येकाने एका पट्टीवर लिहायचं, यंदा आभार कशाचे. मग लिहिलेली बाजू आत ठेवून पट्टी खळीने गोल चिकटवायची, कडीत कडी. कोणी कोणाचं वाचायचं नाही. पुढच्या उपकारस्तुतीला कड्या उघडायच्या आणि सगळ्यांसमोर वाचायच्या.

मांडीवर आहे ती मागची साखळी. तिच्यातली जांभळी कडी शांतवन सरांची. आज ती उघडायची आहे, आणि तिच्यात काय असणार हे सुवार्ताबाईंना न उघडताच ठाऊक आहे. 'मला बरं केलंस म्हणून.' दुसरं काय असणार? मागची उपकारस्तुती त्यांच्याच बरं होण्याची होती. आणि ते बरे झालेले नव्हते.

पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, टाके सुकले होते, सर काठी न घेता हिंडत होते. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तपासणीचा रिपोर्ट पाकिटातून घरी आला. सुवार्ताबाईंनी शेजारच्या घरातून डॉक्टरांना फोन लावला. पोटात सगळीकडे पसरलंय, डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे धरा, फार तर महिना. त्या घरी आल्या तेव्हा अंगणात नवरा शीळ घालत कणसं बांधत होता. चाळीस माणसांना आवतण गेलं होतं. सुवार्ताबाईंनी पाकीट लपवलं आणि कांदे चिरायला घेतले. मग चाळीस माणसांनी टाळ्या वाजवून गाणी म्हटली आणि एकविसाव्या दिवशी सर गेले. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, करुणालाही नाही.

पापण्या जड होतात. साखळी मांडीवरून घसरू लागते.

"सांभाळ, चुरगळेल."

समोर स्टुलावर शांतवन सर बसलेत. हातात ती मोठी कात्री, जिला ते दुसऱ्या कोणाला शिवू देत नसत. अंगात दवाखान्यातला हिरवा सदरा.

"जेवलात का?" सुवार्ताबाई विचारतात. त्यांना दुसरं काही सुचतच नाही.

"शेंगोळे होऊ दे तुझे."

त्या लगेच वळायला बसतात. पीठ मळलेलंच आहे. हाताखाली परात आहे असं त्यांना वाटतं, पण तो शाळेचा बाक आहे, आणि आजूबाजूच्या बाकांवर माणसं पाठमोरी बसून कागद कापताहेत. फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात तारीख आहे, मागच्या वर्षीची. वर्गाच्या कोपऱ्यात चूल पेटली आहे. पोरांच्या वर्गात चूल कोणी पेटवली, म्हणून सुवार्ताबाईंना जरा रागच येतो.

"तुझी पट्टी दे," सर म्हणतात.

"दिली की. मागच्याच वर्षी."

"काय लिहिलं होतंस?"

"कोणी कोणाचं विचारायचं नाही. तुमचाच नियम."

"मला आता 'कोणी'मध्ये धरायचं का?"

सुवार्ताबाई शेंगोळा वळत राहतात. तो लांब लांब होत जातो, संपतच नाही.

"तुम्हाला बरं केलं म्हणून आभार, असं लिहिलं होतं," त्या शेवटी म्हणतात.

कात्री थांबते. मग पुन्हा चालू होते.

फिनेलचा वास येतो. बाक भिंतीला लागलेत आणि समोर दवाखान्याचा लांबच लांब बोळ आहे. सर पुढे चाललेत, सलाइनचा स्टँड ढकलत. स्टँडवर बाटलीच्या जागी कागदाची साखळी लोंबतेय. सुवार्ताबाई मागून धावतात. आत्ताच सांगायला हवं. वर्षभर त्यांनी हे उशीला सांगितलंय, फोटोला सांगितलंय, दावणीच्या शेळीला सांगितलंय. आता ऐकणारा समोर आहे.

"अहो," त्या ओरडतात, "रिपोर्ट आला होता!"

सर चालतच राहतात.

"ऐकलंत का? तुम्ही बरे झाला नव्हतात. मला ठाऊक होतं. माहीत असून मी माणसं बोलावली. माहीत असून तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं. देवासमोर खोटं बोलायला लावलं मी तुम्हाला."

"मी काय बोललो होतो तेव्हा?" सर मागे न बघता विचारतात.

सुवार्ताबाईंना वाटतं, हे कोण विसरेल! त्या आठवू लागतात. ते भिंतीला टेकून उभे राहिले होते. छप्पर गळलं नाही म्हणून आभार मानले. बाजरी भरली म्हणून. शाळेतली पोरं अजून रस्त्यात थांबून सलाम करतात म्हणून. दारात चपलांना जागा उरली नाही म्हणून. हिच्या हातचे शेंगोळे खायला मिळाले म्हणून. मग 'आमेन' म्हणून खाली बसले होते.

"बरं केल्याचं पाळक साहेब बोलले," त्या हळूच म्हणतात.

"हं."

बोळ संपतो तिथे त्यांचंच स्वयंपाकघर आहे. फळीवर स्टीलचे डबे ओळीने उभे आहेत. सर स्टोव्हवर पाण्याचं पातेलं चढवतात.

"खळ संपली. मैदा काढतो."

"तुम्ही बसा. मी देते." सुवार्ताबाई मध्ये जाऊन उभ्या राहतात. मैद्याच्या डब्याच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, ते पाकीट आहे. भाकरी खाणारं घर. मैदा लागतो तो नाताळच्या करंज्यांना, आणि नाताळ तेव्हा लांब होता. पुरुषमाणूस त्या डब्यात कशाला हात घालेल, असा त्यांनी विचार केला होता. मोठी अक्कल चालवली होती.

"सुवार्ता," सर म्हणतात, "या घरात खळ कोण करतं?"

आवाजात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं.

ते डबा खाली काढतात, झाकण उघडतात आणि हात कोपरापर्यंत आत घालतात. मैदा उडतो. त्यांच्या भुवया पांढऱ्या होतात. हात आत बराच वेळ फिरत राहतो.

"तुम्हाला सापडलं होतं," सुवार्ताबाई म्हणतात.

"ढवळ. गुठळ्या होतील."

त्या ढवळतात. डोळ्यांतलं पाणी पातेल्यात पडतं. "मग बोलला का नाहीत?"

"तू केवढे कांदे चिरले होतेस. डोळे बघवत नव्हते तुझे. म्हटलं, ही आपणहून बोलेल. थांबलो."

"किती दिवस थांबलात?"

"होते तेवढे."

स्टोव्हचा आवाज वाढत जातो. स्वयंपाकघर आता फक्त खाटेएवढं आहे. खरं तर ती खाटच आहे, आणि दोघं शेजारी शेजारी उताणे पडून आढ्याकडे बघताहेत. मधे पातेलं आहे.

"भीती वाटायची गं," सर म्हणतात. "रात्री फार वाटायची. तुला उठवावं असं यायचं मनात."

"मग उठवायचं ना मला! अहो, उठवायचं ना!"

"तू जागीच असायचीस."

सुवार्ताबाईंना रडू फुटत नाही. एका खाटेवर दोन माणसं, दोघांना सगळं माहीत, आणि रोज सकाळी दोघं एकमेकांना विचारायची, झोप लागली का छान? चहा घ्यायची, पेपर वाचायची. हात तरी धरायचा होता. तेवढंसुद्धा झालं नाही, आणि आता व्हायचंही नाही. त्या हात लांब करतात, पण मधलं पातेलं रुंद होत चाललंय.

"जांभळ्या पट्टीवर काय लिहिलंत?"

"पेन चालेना."

सर बोटावर खळ घेतात आणि सुवार्ताबाईंच्या तळहातावर ठेवतात. गरम आहे. "धर," ते म्हणतात, "वाळायच्या आत."

"थांबा, अहो, थोडं थांबा."

"आई! अगं, कडी काढ ना. केव्हाची हाका मारतेय!"

सुवार्ताबाई डोळे उघडतात. साखळी जमिनीवर पडली आहे, दोन ठिकाणी सुटलेली. डाव्या हातात जांभळी पट्टी आहे, उलगडून सरळ झालेली. त्या तिची एक बाजू बघतात, दुसरी बघतात, खिडकीच्या उजेडात धरतात. एक अक्षर नाही. उजवा तळहात ओला लागतो म्हणून त्या नाकाशी नेतात. मैद्याची खळ आहे, अजून कोमट. घरात वर्षभर कोणी खळ केलेली नाही. मागच्या नाताळला करंज्याही झाल्या नाहीत.

त्या कोपराने दाराची कडी सरकवतात. करुणा काखेत झोपलेली लेक घेऊन आत येते आणि आल्या आल्या तिचं लक्ष पट्टीकडे जातं.

"बाबांची उघडलीस? एकटीनेच? दाखव."

सुवार्ताबाई पट्टी तिच्या हातात देतात. करुणा ती उलटसुलट करून बघते.

"कोरी आहे गं."

"हो."

"विसरले असतील लिहायला. गडबड किती होती त्या दिवशी."

सुवार्ताबाई स्वयंपाकघराकडे बघतात. सगळ्यात वरच्या फळीवर, धूळ बसलेला, तो डबा आहे. आता तोंड उघडलं तर लेक आयुष्यभर बोलणार नाही, असं त्यांना वाटतं. नाही उघडलं तर तिलाही त्या तसंच उताणं पडून आढ्याकडे बघायला शिकवतील.

"विसरले नाहीत," त्या म्हणतात. "पोरीला खाटेवर ठेव आणि तो मैद्याचा डबा खाली काढ. माझा हात खळीचा आहे."