एरियलचं गंध

आमची गाडी जुनी आहे, आणि ती जुनी आहे हे मला दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी सांगतं. जणू मला दिसत नाही. तसं मला हल्ली कमीच दिसतं, म्हणूनच डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद करायला लावली. तेव्हापासून मी ती चालवत नाही. मी तिच्यात बसतो.

अपार्टमेंटच्या खाली खांबांमधल्या सावलीत ती उभी असते. दुपारचं जेवण झालं की मी किल्ली घेऊन खाली उतरतो, काचा खाली करतो, सीट मागे ढकलतो आणि रेडिओ लावतो. त्या वेळी शास्त्रीय गाण्याची मैफल असते. इकडे तमिळ मुलखात मैफलीला कचेरी म्हणतात. सगळी नोकरी बँकेत खर्डेघाशी करण्यात गेलेल्या माझ्यासारख्या सोलापूरकराला कचेरीत बसून सुख मिळालं ते असं, निवृत्तीनंतर.

वर घरात बसून का ऐकत नाही, असं विचारणारे लोक आमच्या घरात कधी बसलेले नाहीत. हॉलमध्ये तमिळ मालिका चालू असते, आणि तिच्यात सुना सासवांना विष घालत असतात. आतल्या खोलीत आमचे चिरंजीव कॉम्प्युटरपुढे बसून अमेरिकेतल्या कुणाला तरी इंग्रजीत समजावत असतात, आपल्यावाचून जग अडलंय अशा आवाजात. स्वयंपाकघरात बायको तिच्या बहिणीशी फोनवर. बायको तंजावरची. त्यांची मराठी भाषा राजांबरोबर खाली दक्षिणेत आली ती परत गेलीच नाही, तिथंच मुरली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचं 'जेविलांत कां' ऐकून मला हसू येतं. या एवढ्या मोठ्या शहरात आतून बंद करता येईल असं माझं दार एकच, ते गाडीचं. ते गेलं तर मी कुठं बसायचं, हा प्रश्न मला तेव्हा झोप लागू देत नव्हता.

कारण रेडिओ खरखरायला लागला होता. आधी मधूनमधून, मग सारखाच. गायिका आलाप घ्यायची आणि तिच्या गळ्यात कुणी वाळू ओतल्यासारखं व्हायचं. मुलानं ते एकदा ऐकलं आणि तिथंच गाडीच्या बॉनेटला टेकून हिशेब मांडला.

"अप्पा, तुम्ही चालवत नाही. मला ही चालवायची नाही. रेडिओपण लागत नाही. मग ठेवायची कशाला?"

त्याला इलेक्ट्रिक गाडी घ्यायची होती आणि तिला चार्जर लावायला हीच जागा हवी होती. आयत्या बिळावर नागोबा! मी म्हटलं, रेडिओ लागेल. रेडिओसाठीच तर ठेवलीय.

"ओके. महिनाअखेरपर्यंत लागला तर ठेवू." ज्या सुरात तो हाताखालच्या पोरांना तारीख देतो, त्याच सुरात त्यानं ती बापाला दिली.

आणि मग स्वतःच मदतीला धावला, हे त्याहून वाईट. पुढच्या शनिवारी मला शेजारी बसवून तो गाडी एका अॅक्सेसरीजच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराच्या गळ्यात माझ्या मनगटाएवढी साखळी होती. त्यानं रेडिओ लावून पाहिलाच नाही. गाडीकडे एक नजर टाकली, माझ्याकडे एक टाकली आणि दोघांचंही वय जोखून मुलाशी बोलायला लागला. मोठा पडदा लावा, सर. गाणी मोबाइलवरून येतील. छतावर शार्कच्या पाठीवरच्या परासारखा एरियल चिकटवा, गाडी एकदम नवी वाटेल. मी विचारलं, त्या पराच्या आत तार असते का? तो म्हणाला, "लुक चांगला येतो, सार." म्हणजे आत काही नसतं. नुसतं प्लास्टिक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पडदा मी लावू दिला नाही, तेव्हा त्यानं एरियलच्या तारेत मध्येच एक बूस्टर जोडून दिला. बूस्टरचं काम आवाज वाढवणं. त्यानं खरखर वाढवली. गाणं होतं तिथंच राहिलं.

रविवारी मेहुणा आला. तो शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि त्याच्या विद्यार्थ्यांची मला अजून काळजी वाटते. तो गाडीपाशी आलाच नाही. सोफ्यावर बसून फिल्टर कॉफी पीत म्हणाला, "भावजी, एन्नोरच्या कारखान्यांकडून धूर येतो ना, त्यांत लहरी अडकतात." मी म्हटलं, मग शेजारच्यांच्या गाडीत का अडकत नाहीत? तो म्हणाला, त्यांची गाडी नवी आहे. म्हणजे धुरालाही गाडीचं वय कळतं. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा कॉफी गार होऊ न देणं बरं.

शेवटी मी स्वतः बसलो. मला रेडिओतलं ज्ञान नाही, पण यातल्या कुणालाच नव्हतं आणि मला निदान वेळ होता. पहिल्यांदा ओळखीच्या खरखरीच्या खाली एक बारीक भुणभुण ऐकू आली. मुलानं सिगरेट लायटरच्या भोकात मोबाइलचा स्वस्तातला चार्जर खुपसून ठेवला होता. तो उपटला आणि भुणभुण थांबली. अमेरिकेला शहाणपण शिकवणाऱ्याची ही करणी. पण खरखर तशीच होती. मग बूस्टर काढून फेकला. खरखर थोडी कमी झाली, म्हणजे पूर्वी होती तेवढी झाली. मग बाहेर येऊन एरियलला हात लावला. आमच्या गाडीला पुढच्या चाकाच्या वर उभी काडी आहे, ओढून लांब करायची, जुन्या पद्धतीची. काडी बुडाशी घट्ट धरून खाली दाबली, आणि आत गायिका एकदम स्वच्छ गायला लागली. हात सोडला की पुन्हा वाळू.

खोट बुडाशी होती. डोळे नीट चालत नाहीत म्हणून भिंग घेऊन वाकलो, आणि पाहतो तो काय, एरियलच्या मुळाशी चक्क देव्हारा!

इकडे आयुधपूजा म्हणजे मोठं प्रकरण. आपण खंडेनवमीला घरातल्या विळी-सुरीला फूल वाहतो, दाराशी वाहन असलं तर त्याला हार घालतो आणि गप्प बसतो. इथे बस, रिक्षा, रोड रोलर, सगळ्यांना केळीची रोपं बांधतात, चाकाखाली लिंबं चिरडतात, चौकाचौकात कोहळे फोडतात. आमच्या गाडीचं सगळं बायको करते. हाराची दोरी बांधायला जागा कुठे? एरियलला. केळीचं रोप टेकवायला? एरियलला. आणि उभी, सरळ, देवाच्या काठीसारखी वस्तू दिसली की तिच्या पायाशी चंदन, विभूती, हळद आणि वर कुंकू. ते पाणी घालून कालवलेलं, बुडाच्या फटीत झिरपायचं. वर्षानुवर्षं थरावर थर. आणि दर वर्षी ते पुसायचं नाही, कारण देवाला लावलेलं गंध पुसत नाहीत.

नटाला तेल सोडून तो कसाबसा फिरवला. बूड वर उचललं तर खालचा पत्रा गंजून तपकिरी झालेला आणि त्यावर चंदनाचा दगड. एरियल जिथे गाडीच्या अंगाला भिडायला हवा तिथे भक्ती भरलेली होती.

मी तिला खाली बोलावून दाखवलं. वाटलं, निदान ओशाळेल. तिनं वाकून पाहिलं.

"गाडी वाहन नव्हे कां? वाहनाला गंध लाविल्याशिवाय कसें?"

"वाहनाला लाव. बॉनेटला लाव. इथे का?"

"तें उंच आहे म्हणून." एवढं बोलून ती वर गेली. तिच्या भावाचं भौतिकशास्त्र कुठून आलं ते मला त्या दिवशी कळलं.

पॉलिश पेपरनं मी तो पत्रा पांढरा लखलखीत होईपर्यंत घासला. पाठ मोडून आली. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला, सोसायटीचा सेक्रेटरी येऊन पार्किंगमध्ये दुरुस्ती करायला मनाई आहे हा नियम सांगून गेला. त्याला म्हटलं, ही दुरुस्ती नाही, निर्माल्य काढतोय. नट आवळला, वरून व्हॅसलीन चोपडलं आणि आत बसून बटण फिरवलं. तानपुऱ्याची तार न तार ऐकू आली. मृदंगावर बोट घासतं तेसुद्धा. अभिमानानं माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो. सगळे उंटावरचे शहाणे, आणि काम कुणी केलं?

संध्याकाळी मुलाला खाली आणून ऐकवलं. तो खूश झाला, अगदी मनापासून. "सुपर, अप्पा," म्हणाला. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर त्यानं माझ्या हातात एक खोकं ठेवलं. आत रेडिओ होता. छोटा, देखणा, कानात घालायच्या इयरफोनसकट.

"तुम्ही केवढे कष्ट घेतलेत. मला वाईट वाटलं. हा घ्या, आता खाली उन्हाळ्यात बसायला नको. आपल्या सगळ्यांबरोबर वर बसून ऐका. गाडी मी पुढच्या आठवड्यात देऊन टाकतो."

इतके दिवस मी रेडिओच्या नावानं भांडलो होतो, आणि त्यानं मला रेडिओ दिला होता. मागितलं ते मिळालं, आता तक्रार कसली करणार? मला तुमच्यापासून लांब, दार लावून बसायचंय, हे आपल्या मुलाला तोंडावर कसं सांगतात? मी ते खोकं उलटसुलट करून बघत राहिलो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. हात पुसत पुढे आली, माझ्या हातातून खोकं घेतलं आणि मुलाच्या हातात परत दिलं.

"गाडी देऊं नको, कण्णा. रेडिओ नव्हे, ह्यांला खालीं बसायला हवें."

"का पण, अम्मा? वर काय प्रॉब्लेम आहे?"

"प्रॉब्लेम ह्यांला नाहीं रे," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, भाजीचं सांगावं तसं. "मला. ह्ये खालीं गेले म्हणजे तेवढा वेळ घरांत मी बोललेलें कोणी हंसत नाहीं."

मुलगा माझ्याकडे पाहायला लागला. तिनं पाहिलंसुद्धा नाही. आत जाऊन तिनं कुकर लावला.

गाडी राहिली. मुलानं नव्या गाडीसाठी सेक्रेटरीच्या पाया पडून दुसरी जागा मिळवली. मी अजून रोज दुपारी खाली जातो आणि रेडिओ अगदी स्वच्छ लागतो. पण तिनं ते सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कोण गायलं, काय गायलं, मला विचारू नका. मला आधी रागच आला होता, मग तो कुणावर काढायचा ते कळेना. मैफल संपली, बातम्या झाल्या, तरी मी तसाच बसून होतो. वर तिचा फोन चालू असणार आणि ती मोकळेपणी बोलत असणार. मला वर जायची हिंमत होईना.