खाजाभाईंनी चढवलेली तारीख

देवपुरात खाजाभाईंचं दुकान अर्धं बांगड्यांचं, अर्धं विमानांचं. बांगड्या भरलेल्या पोरी लग्न होऊन परदेशी गेल्या, मग त्यांच्या आयांना तिकिटं लागायला लागली, म्हणून हा जोडधंदा. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी दोन्ही धंदे फुकटात बघतो.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत शिंदखेड्याच्या भागाबाई मस्कतला निघाल्या होत्या. लेक दिपमाला तिथे पहिलटकरीण, डॉक्टरांनी वीस तारीख दिलेली आणि जावई असा, की चहासुद्धा मोबाइलमध्ये बघून करतो. विमान सहा तारखेचं. पण परदेशी निघालेल्या बाईला गाव असं सोडतं का? आठ दिवस घरोघरी जेवणं, ओट्या, गळाभेटी. चार तारखेला कोरोनाचा रिपोर्ट आला : पॉझिटिव्ह.

फोन स्पीकरवर होता.

"खाजाभाऊ, मन्ही पोर तठे एकली शे! आते काय करू?"

"अक्का, त्रास काय होतोय?"

"काहीच नही. डिंकना लाडू वळी राहिनू."

"ते आता तुम्हीच खा. तारखेचं मी बघतो."

विमान कंपनीच्या बाईंनी हिंदीत सांगितलं, रिपोर्ट असल्यामुळे तारीख फुकट बदलता येईल. पण मुंबईहून बावीस तारखेच्या आधी जागाच नाही. म्हणजे आजी पोचायच्या आधी नातवंड हजर!

लहान मापाची बांगडी चढवताना खाजाभाईंची एक रीत आहे. ते गिऱ्हाइकाला माहेरचं गाव विचारतात. बाई माहेरच्या गोष्टीत रमते, मूठ सैल पडते, बांगडी आत. तोच आवाज लावून त्यांनी विचारलं, "मॅडम, आपलं माहेर कुठलं?"

पलीकडची टकटक थांबली. "वडोदरा."

"अरे वा! म्हणजे अमदाबाद तुमच्या शेजारीच. तिथून सोळाला बघता का जरा? आमच्या अक्कांच्या गावाहून सुरतेची गाडी आहे, पुढे अमदाबाद काय लांब!"

"एक सीट दिसतेय. पण शहर बदलायचं तर वरिष्ठांना विचारावं लागेल."

"विचारा ना, आम्ही थांबतो."

अकरा मिनिटं फोनमध्ये सनई वाजत होती. मी झेरॉक्स मशीन बंद करून दारात उभा. सनई थांबली. "झालंय, सर." खाजाभाईंनी असा हात उंचावला, की तोरणातल्या दोन डझन बांगड्या खाली!

लगेच शिंदखेड्याला फोन. "अक्का, सोळा पक्की. फक्त रिपोर्ट निगेटिव्ह यायला पाहिजे. आणि या वेळी गावाला सांगू नका."

"भाऊ, तुम्हना फोन स्पीकरवर शे. बठ्ठा गाव अंगणमा उभा शे."

"मग अंगणातच राहू द्या!"

पंधराला रिपोर्ट येणार होता. खाजाभाई एका नवरीला बांगड्या भरत होते. मोबाइल वाजला, त्यांनी पाहिलं आणि नवरीचा हात सोडून रस्त्यावर धावले. "निगेटिव्ह!" रिक्षावाल्याने घाबरून ब्रेक दाबला. नवरी एका हातात अकरा, दुसऱ्यात चार बांगड्या घेऊन हसत बसली.

एकोणिसाला दुपारी मस्कतहून व्हिडिओ कॉल. पडद्यावर भागाबाई, मास्क हनुवटीवर.

"नात व्हयनी, खाजाभाऊ! मी दारमाच उभी व्हतू!"

"मुबारक, अक्का! पहिले तिचा हात दाखवा, माप घेऊ द्या."

पडद्यावर गुलाबी मूठ आली, घट्ट मिटलेली. खाजाभाईंनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"हिची मूठ काही सैल पडत नाही. माहेर विचारून उपयोग नाही, ही सध्या तिथेच आहे."