न पिणाऱ्याने निवडलेली शिंदी

बहात्तरच्या दुष्काळात मी उस्मानाबादला सरकारी जीपवर ड्रायव्हर होतो. बोअर कुठं घ्यायचं हे ठरवणारे एक साहेब माझ्या जीपमधून फिरायचे. पन्नाशीचे, सडपातळ, पाच वेळची नमाज न चुकवणारे. सगळं खातं त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही. चाचा जमिनीखालचं पाणी शोधायचे, मी जमिनीवरची शिंदी. दोघांनाही त्या वर्षी पुष्कळ हिंडावं लागलं.

शिंदीच्या झाडाला खाच पाडून संध्याकाळी मडकं बांधतात. सकाळी उतरवलेला रस गोड असतो, दुपारी आंबट होतो आणि दिवस मावळताना तो माणसाला आपल्या सासऱ्याबद्दल खरं बोलायला लावतो. गावोगावी विहिरींनी तळ दाखवला होता. आलेल्या माणसाला पाणी विचारायची सोय उरली नव्हती, पण शिंदी विचारत. गाडी चालवताना मी कधी प्यायलो नाही. गाडी बरेचदा थांबायची.

त्या वर्षी मी जेवढी शिंदी चाखली तेवढी पुन्हा कधी चाखली नाही. तेरजवळ नदीकाठची शिंदी गोड, पण मागून जिभेवर किंचित खारट लागायची. जळकोटकडची जरा तापट, दुपारी बाराच्या आत प्यावी. एका गावात एकानं शिंदीत काहीतरी कालवलं होतं. ती पिऊन मी अर्धा तास जीपची किल्ली शोधली. किल्ली जीपलाच होती. चाचा शेजारी बसून हे सगळं बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातला पेला घेऊन नाकाजवळ नेला आणि खाली ओतून टाकला.

दुसऱ्या दिवसापासून चाचा प्रत्येक ठिकाणी माझा पेला आधी हुंगायला लागले. थेंब तोंडात घ्यायचे नाहीत. हुंगायचे, उजेडात धरायचे आणि सांगायचे, "ये ठीक है, पियो," किंवा, "झाड तहानलेलं आहे. राहू दे." त्यांचं एकदाही चुकलं नाही. मला ते पटेना. शेवटी विचारलंच.

"चाचा, तुम्ही पीत नाही. मग कळतं कसं?"

"अरे भाई, जमिनीतलं पाणी मी कुठं पिऊन बघतो? तरी सांगतो ना?"

तुळजापूर तालुक्यातल्या एका लहान गावाबाहेर गायरानात शिंदीची पंधरा-वीस झाडं होती. एक नवरा-बायको ती राखायचे. नवरा चढायचा, बायको विकायची आणि दोघांच्या वाटचं एकटी बोलायची. मी तिला मावशी म्हणायचो. तिनं दिलेला पेला चाचांनी नाकाजवळ नेला आणि बराच वेळ तिथंच धरला.

"बाई," ते म्हणाले, "साऱ्या जिल्ह्यात असली शिंदी नाही."

मावशी खूश झाली. "साहेब, दोन घोट तरी घ्या की मग."

"घेत नाही मी."

"मंग कसं काय सांगता?"

चाचा झाडांतून फिरायला लागले. बुंधे चाचपले, हातोडीनं मुरूम उकरला, वारूळ बघितलं. मी तोवर तीन पेले संपवले. ती खरोखरच त्या वर्षातली सगळ्यात चांगली शिंदी होती. दाट, गार, आंबट होतानाही गोडी न सोडणारी. परत येऊन चाचांनी खिशातून खडू काढला आणि झाडांच्या मधोमध एका दगडावर फुली मारली.

"हे काय वो?" मावशीनं विचारलं.

"इथं बोअर घ्यायचं. पाणी आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या शिंदीनं."

मावशी खाली बसली. तिला सगळं लगेच कळलं. मला कळायला जीपपर्यंत जावं लागलं. पाणी वर ओढलं की झाडांच्या मुळांना काय उरणार?

"म्हंजी म्या चांगली शिंदी विकली, हे माजंच चुकलं," ती म्हणाली.

चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "गावात टँकर आठ दिवसांनी येतो. पोरंबाळं गढूळ पाणी पितात. मी काय करू, तुम्हीच सांगा."

मावशीचा नवरा झाडावरून उतरून बाजूला उभा राहिला. मग ती म्हणाली, "झाडात नगा खांदू. थोडं तिकडं सरका."

"सरकून फरक पडणार नाही, बाई. खाली झरा एकच आहे."

"ठावं हाय. तरी बी सरका."

चाचा उठले, चाळीस पावलं मोजली आणि दुसरी फुली मारली. पहिली रुमालानं पुसली. कागदावर त्यांनी काय कारण लिहिलं ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी परतताना मी कुठंच थांबलो नाही.

महिन्याभरानं बोअरचं मशीन आलं. दिवसभर पांढरी भुकटी उडाली. मशीनवाले म्हणायला लागले, कोरडं जाणार. चाचा छत्री धरून उभे होते. चार वाजता भुकटी ओली झाली, आणि मग पाणी माणसापेक्षा उंच उसळलं. सरपंचानं नारळ फोडला. बाया घागरी घेऊन पळत आल्या. मावशीही आली. घागर नव्हती तिच्याजवळ, शिंदीचा पेला होता. तो भरून तिनं नाकाजवळ नेला, मग प्यायली.

"गोड हाय," तिनं चाचांना सांगितलं आणि निघून गेली.

चाचांनी त्या वेळी डोळे पुसले. भुकटी गेली असेल असं मी इतरांना सांगितलं.

पुढं त्या बोअरकडं बघून आसपासच्या बागायतदारांनी आणखी सात-आठ बोअर घेतली. चाचांची परभणीला बदली झाली. दोन वर्षांनी मी एकटाच त्या रस्त्यानं चाललो होतो, तेव्हा गायरानाकडं वळलो. सहाच झाडं उरली होती. मावशीनं पेला दिला. शिंदी पातळ होती, ताकात पाणी घालावं तशी.

"चांगली आहे," मी म्हणालो.

"डायवर, तुमाला खोटं बोलता येत न्हाय," ती म्हणाली. "पिऊन टाका. आता सुनंला पहाटं पाण्याला दोन कोस जावं लागत न्हाय, तेवढं बरं झालं."

नवरा दिसेना, म्हणून विचारलं. सहकारी साखर कारखान्यात उंचावर चढणारा माणूस हवा होता, तिथं तो लागला होता. टाक्या रंगवायचा, खांबावरचे दिवे बदलायचा. पगार नेमानं मिळत होता. तरी सुट्टीला घरी आला की तक्रार करायचा.

"काय म्हणतात?"

"म्हणत्यात, दिसभर वर चढतुया, अन् खाली येताना हात रिकामाच."

मी पेला संपवला. तिनं दुसरा भरला. तोही मी संपवला.