गेटवर जमा केलेला फोन

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहितो — मी बायकोवर हात उचलायचो. बाकी भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... कुणी असले किस्से सांगू लागलं की मी हसायचो.

आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहतो. मी आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सुपरवायझर आहे. मुलगी तन्वी, दहावीत. वर्षभर ती घरात बोलेनाशी झाली होती. सतत मोबाइल. नाव बदलून एका ग्रुपवर अनोळखी पोरांना घरातलं सगळं लिहायची. ते शाळेतल्या बाईंच्या कानावर गेलं, त्यांनी आम्हाला बोलावलं.

"अहो मॅडम, लाइक्ससाठी रचते ती," मी हसून म्हणालो. सुनीता, माझी बायको, खाली बघत होती.

मला वाटलं, कुणीतरी हिला भडकवतंय. घरी येऊन फोन काढून घेतला.

"बाबा, एवढं एकच आहे माझ्याकडे."

"नाटकं बंद!"

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट. आमच्याकडे ठिणगीच्या भीतीने प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. गेटवर जमा करून बिल्ला घ्यायचा. तिचा फोन बंद केला, सिम काढून पाकिटात ठेवलं आणि माझ्या फोनबरोबर तोही दिला. वॉचमन म्हणाला, "साहेब, दोन-दोन? वहिनींना माहितीये ना?"

तीन वाजता सुटलो. घरी येऊन सिम घातलं, ग्रुप उघडला. तन्वीच्या त्या बदललेल्या नावाने मेसेज होता, सकाळी दहा वीसचा — 'आज बाबांनी आईचं मनगट पिरगाळलं. बांगडी फुटली. काचा तिने पिठाच्या डब्यामागे ठेवल्यात.'

पिरगाळलं होतं, हे खरं. पण पहाटे, तन्वी क्लासला गेल्यावर. काचांचं मलाही ठाऊक नव्हतं. डबा सरकवला... कागदात गुंडाळलेल्या होत्या.

सुनीतावर संशय घेतला — तिच्याकडे साधा बटणांचा फोन. तन्वीवर घेतला — दहा वीसला ती वर्गात पेपर लिहीत होती. वॉचमन फोन ठेवतो तो खण दिवसभर कुलपात. शेवटी उल्हासनगरला ओळखीच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. त्याने बराच वेळ तपासलं.

"अंकल, लॉगिन इसी एक फोन पे है. मेसेज भी इसीसे गया है."

"अरे, पण फोन बंद होता!"

"तो फिर भूत का डिपार्टमेंट अपना नहीं है. अपन डिस्प्ले बदलते हैं."

त्या मेसेजखाली एकच उत्तर होतं. ज्यांच्यापासून मी पोरीला वाचवायला निघालो होतो, त्यांच्यातल्याच कुणाचं तरी — 'तू जेवलीस का?'

फोन तिला परत दिला. त्या दिवसापासून हात उचललेला नाही; त्यात मोठेपणा काही नाही. तो मेसेज कुणी लिहिला, कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. संशय घ्यायला आता कुणी उरलेलंही नाही.

एक मात्र राहिलंय. शाळेत जाऊन, बाईंसमोर आणि तन्वीसमोर, ती खरं बोलत होती आणि मी खोटं, हे मला सांगायचंय. अजून सांगितलेलं नाही.